भात वाळवणी यंत्राची गॅसभट्टी वारंवार का विझते?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, विशेषतः तंजावर जिल्ह्यात, कुरुवै हंगामाच्या भाताची कापणी आणि ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात एकाच वेळी दारात येऊन उभे राहतात. मळणी झालेल्या भातात अशा वेळी २० ते २२ टक्के आर्द्रता असते. सरकारी खरेदीची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ती तमिळनाडूसाठी १९ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली होती. ओल्या भाताचा हा प्रश्न जुनाच आहे. त्यावर उपाय शोधण्यासाठी १९६७ मध्ये तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील तिरुवारूर येथे भात प्रक्रिया संशोधन केंद्र सुरू झाले. तंजावर येथील आजची राष्ट्रीय अन्नतंत्रज्ञान संस्था ही त्याच केंद्राची वाढलेली शाखा होय. परतीच्या पावसात खळ्यावरचे भात झाकत धावणाऱ्या कोकणातील आणि भंडारा-गोंदियातील शेतकऱ्यांना ही परिस्थिती परकी वाटणार नाही.

उन्हाचा भरवसा नसेल तेव्हा गरम हवेच्या वाळवणी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. एक टन भात २२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणायचे म्हणजे त्यातून सुमारे ९३ लिटर पाणी काढायचे. निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर त्यासाठी साधारण १० किलो एलपीजी जळतो. खर्च मोठा असला तरी खरी धास्ती वेगळीच असते. मध्यरात्री भट्टी विझली आणि सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, तर ओल्या भाताची रास आतून तापते, दाणा पिवळा पडतो आणि मोडही फुटतात. पुढे तेच अर्धवट वाळलेले भात कोठारात गेले की सोंडे, दाण्यातील भुंगेरे आणि धान्यावरील पतंग यांना आयते घर मिळते. कीटकशास्त्राचा संबंध येथे पहिल्यांदा येतो, परंतु तो येथेच संपत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपोआप बंद पडणारी भट्टी बिघडलेली असतेच असे नाही. बहुधा ती आपले कर्तव्यच बजावीत असते. तिची कामे ठरलेल्या क्रमाने चालतात. आधी पंखा फिरतो. पुरेशी हवा वाहते आहे, असे हवादाबाच्या स्विचने सांगितले की ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. त्यानंतर काही सेकंदांत ज्योत-संवेदकाने ज्योतीची ग्वाही द्यावी लागते. ती न मिळाल्यास झडप मिटते. पुढे हवा मर्यादेपेक्षा तापली, तर तापमान-मर्यादा स्विच सारे थांबवतो. या साखळीतील एकही कडी ‘नाही’ म्हणाली, तर भट्टी विझते. म्हणूनच ती का विझली हे विचारण्याआधी केव्हा विझली हे घड्याळ लावून पाहावे. निदानाचे निम्मे काम तेवढ्यानेच होते.

भट्टी दहा-वीस मिनिटे चालून थांबत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर उष्णता पुढे वाहून नेणारी हवा कमी पडते आहे असे समजावे. पंख्याच्या जाळीवर कोंडा साचला असेल, पट्टा सैल झाला असेल किंवा भाताचा थर फार जाड झाला असेल. काही चालक अशा वेळी मर्यादा स्विचच तारेने जोडून टाकतात. हा आगीला दिलेला आवतण आहे. बियाण्याच्या भातासाठी हवा सुमारे ४३ अंश सेल्सिअसवर जाऊ देऊ नये, अन्यथा उगवण गमवावी लागते. तासाभराने ज्योत हळूहळू मंदावून विझत असेल आणि सिलिंडरवर दव वा बर्फ दिसत असेल, तर दोष भट्टीचा नव्हे. द्रव गॅसाची वाफ होताना सिलिंडर गार पडतो आणि दाब घटतो. यावर अधिक सिलिंडर समांतर जोडणे हाच उपाय आहे. सिलिंडर तापवणे हा उपाय कदापि नव्हे.

ज्योत पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल, तर संशयित बहुधा ज्योत-संवेदकाची सळई असते. ज्योतीतून विजेचा अतिसूक्ष्म, अवघा काही मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो आणि ही सळई तो ओळखते. भाताच्या तुसाच्या राखेत मुख्यत्वे सिलिका असते. कोंड्याची धूळ ज्वलनाच्या हवेबरोबर ज्योतीत शिरली की सळईवर सिलिकेचा पांढुरका, वीजरोधक थर बसतो. ज्योत डोळ्यांना दिसते, पण यंत्राला दिसत नाही. गॅस बंद करून सळई बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसली, की अनेकदा तेवढ्यानेच काम भागते. गिरणीत नवा सुटा भाग मागवण्याची घाई मात्र आधी होते.

पंखा फिरतो पण ठिणगीच पडत नाही, किंवा ज्योत पिवळी, काजळी धरणारी व फडफडती आहे, अशी तक्रार हंगामाच्या पहिल्याच दिवशी आली, तर कीटकांकडे वळावे. वाळवणी यंत्र वर्षातील मोजकेच आठवडे चालते. जानेवारी-फेब्रुवारीत सांबा हंगामाचे भात वाळवून झाले की ते ऑक्टोबरपर्यंत निपचित असते. बर्नरची मिश्रणनळी, हवादाब स्विचची बारीक नळी आणि धुराडे या अंधाऱ्या, कोरड्या, निवाऱ्याच्या जागा त्या महिन्यांत रिकाम्या राहत नाहीत.

यांतील अग्रणी रहिवासी म्हणजे कुंभारीण. हिच्या एका सर्वपरिचित जातीचे नावच मद्रासवरून पडले आहे. स्केलिफ्रॉन मद्रासपटानम असे त्या जातीचे नामकरण फॅब्रिसियसने १७८१ मध्ये केले. मादी ओल्या बांधावरून चिखलाच्या गोळ्या आणून कोठड्या रचते, डंखाने लुळे केलेले कोळी त्यांत भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. निळसर झाक असलेली तिची नातलग कॅलिबिऑन बेंगालेन्स स्वतः घर न बांधता आयत्या पोकळ्या बळकावते. पानकापी मधमाशा पानांच्या चकत्या नळीत ठासतात. कोळी नळीत जाळे विणतात. तेवढ्याने प्राथमिक हवा अडते आणि ज्योत पिवळी पडते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये या भिंगुरटीला स्थान आहे. तिच्या बंद घरातून तिच्यासारखीच माशी बाहेर येते, या निरीक्षणातून भृंग-कीटकाचा दृष्टान्त जन्मला. वस्तुतः आतल्या भक्ष्यावर तिची अळी पोसलेली असते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ कोसळलेल्या विमानाच्या वेगमापक नळीत अशाच माशीचे घरटे असावे, असा तपासाचा अंदाज होता. त्यात १८९ जणांचा अंत झाला. चिमूटभर चिखलाला क्षुल्लक मानू नये, एवढ्यासाठीच हे उदाहरण.

घरटे काढताना गॅसची मुख्य झडप व वीज बंद करावी. नळ्या सोडवून दाबाची हवा आतून बाहेरच्या दिशेने मारावी. भट्टीच्या उष्णतेने भाजलेला चिखल विटेसारखा घट्ट होतो, तो आधी पाण्याने भिजवून मऊ करावा व नळी पूर्ण सुकवूनच पुन्हा बसवावी. गॅसच्या जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नये. छिद्र केसभर रुंदावले तरी गॅसचे प्रमाण बिघडते. कीटकनाशकाचा फवारा येथे पूर्णतः वर्ज्य आहे. त्यातील द्रावक पेट घेऊ शकतो आणि यंत्रातून पुढे जाणार आहे ते अन्न आहे. शिवाय या माशा मारण्याजोगे शत्रूही नव्हेत. भाताच्या शेतातील तुडतुडे खाणारे कोळी त्या उचलतात, हे खरे, परंतु त्याने पिकाचे मोठे नुकसान होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांना वेगळी जागा मिळाली की पुरे.

भट्टी न पेटल्यास रिसेटचे बटण पुन:पुन्हा दाबू नये. प्रत्येक प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस आत साचतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यात व जमिनीलगत तळ धरतो. एकदा प्रयत्न फसल्यावर पंखा काही मिनिटे नुसताच चालवावा, वास पाहावा, मगच दुसरा प्रयत्न करावा. तोही फसला तर तंत्रज्ञाला बोलवावे.

सांबाचे शेवटचे भात उतरले, की त्याच आठवड्यात हवादाबाची नळी काढून पिशवीत ठेवावी, बर्नर व धुराड्याची तोंडे जाड कापडाने बांधावीत आणि त्या कापडांना लाल फडके लावावे. हंगामात भट्टी पेटवण्यापूर्वी ती कापडे मोजून काढावीत. बांधलेले धुराडे तसेच राहिले तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आवारात पसरतो. म्हणून कापडांची संख्या नियंत्रण पेटीच्या दारावर खडूने लिहून ठेवावी.