तांब्याच्या नाण्यांची फेरप्रतवारी

टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले तांब्याचे नाणे लालसर झळाळते. परंतु ही झळाळी चिरकाल टिकत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर ऑक्साइडाचा पातळ थर बसतो. आर्द्रता व गंधकाची संयुगे यांमुळे ही क्रिया वेग घेते आणि नाणे तपकिरी होते.

अमेरिकेतील जुन्या सेंट नाण्यांसाठी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अंकांची श्रेणी मांडली. १९८० नंतरच्या दशकात परीक्षणसंस्था नाणी प्लास्टिकच्या डबीत बंद करून देऊ लागल्या. तांब्याच्या नाण्यास अंकाबरोबर ‘लाल’, ‘लाल-तपकिरी’ अथवा ‘तपकिरी’ असा वर्णशेराही मिळतो.

मग कालांतराने फेरप्रतवारी करावी काय? डबीतील नाणे झिजत नाही. वर्ण मात्र पालटू शकतो, कारण डबी पूर्णपणे वायुरोधक नसते. १९०९ च्या लिंकन सेंटमध्ये ९५ टक्के तांबे आहे. असे ‘लाल’ नाणे तपकिरी होईल. तपकिरी नाणे आपोआप लाल होणार नाही. म्हणून केवळ काळ लोटला म्हणून वर्णशेरा उंचावेल, ही आशा व्यर्थ होय. मात्र शेरा व प्रत्यक्ष वर्ण यांत अंतर पडले असल्यास विक्रीपूर्वी फेरपरीक्षण करणे न्याय्य ठरते. अन्यथा ग्राहक नष्ट झालेल्या झळाळीचे मोल देतो.

तांब्याचे भांडे चिंचेने उजळते, पण नाणे तसे घासल्यास त्याचा मूळ पृष्ठभागच जातो. कोरडी, स्थिर तापमानाची जागा हाच खरा उपाय होय.