मांडणीकडून व्यवस्थापनाकडे

प्रश्न : पुण्यातील सुपरमार्केटांत एका बिस्किट कंपनीसाठी मी मर्चंडायझर म्हणून काम करते. यातून व्यवस्थापक होता येईल का?

उत्तर : होता येईल, मात्र नुसती वर्षे भरून नव्हे. मर्चंडायझर शेल्फ सांभाळतो, तर त्यापुढच्या पायरीवर सुपरवायझरला अनेक दुकानांच्या भेटी, माणसे आणि खर्च सांभाळावा लागतो. म्हणून माल कधी संपतो, मुदत जवळ आलेला किती पडून राहतो, मांडणी बदलल्यावर खप किती वाढतो, याची नोंद आतापासून ठेवा. मुलाखतीत हाच पुरावा उपयोगी पडतो. ऑनलाइन खरेदीने हे काम संपेल अशी शंका मनात आली तर ती रास्त आहे. पण ऑनलाइन विक्रीच्या गोदामातही माल संपतो, मुदत उलटते, आणि ते पाहणारे माणूस लागतेच. खरी अडचण वेगळी आहे. अनेक मर्चंडायझरांची नेमणूक एजन्सीमार्फत असते, त्यामुळे कंपनीतली बढती आपोआप मिळत नाही. तेव्हा आधी एजन्सीतच सुपरवायझरपद मागा, एक्सेल शिका आणि त्या अनुभवावर कंपनीच्या विक्री विभागात अर्ज करा.