दुर्मीळ आजाराचे निदान : सिकलसेल आणि आपले कर्तव्य

तथागतांच्या काळातील वैद्य जीवक कोमारभच्च यांचे नाव प्रत्येक उपासकाला माहीत असते. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यकशास्त्र शिकून ते राजगृहास परतले. राजगृहाच्या एका श्रेष्ठीची जुनी डोकेदुखी त्यांनी कवटी उघडून बरी केली, तर वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राच्या आतड्याला पडलेली गाठ पोट उघडून सोडवली, असे विनयपिटकातील महावग्गात वर्णन आहे. इतर वैद्यांनी ज्या रोग्यांची आशा सोडली होती, त्यांच्या दुखण्याचे मूळ जीवकांनी शोधले. औषध नंतर आले, निदान आधी झाले. आजच्या विद्यार्थ्याने या कथेतून घ्यावयाचा धडा हाच आहे.

दुर्मीळ आजार म्हणजे असाध्य आजार नव्हे. जो आजार नेहमी नजरेस पडत नाही, तो डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्याही मनात लवकर येत नाही. हातपाय दुखले की संधिवात, चेहरा पांढरा पडला की रक्त कमी, पोटात कळ आली की अपेंडिक्स आणि जबडा ठणकला की दाढ किडली, असे आपण समजून चालतो. शंभरातील बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु ही सर्व दुखणी एकाच मुलाला आलटून पालटून होऊ लागली, तर त्यामागे एकच कारण असू शकते. त्या कारणाचे नाव सिकलसेल. वैद्यक, शल्यचिकित्सा आणि दंतवैद्यक या तिन्ही शाखांना फसविणाऱ्या या आजाराची माहिती आपल्या समाजबांधवांना असणे अत्यंत गरजेचे आहे, म्हणून हा लेख.

आजाराचा शोध

या आजाराची वैद्यकीय नोंद प्रथम १९१० साली अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केली. त्यांचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तातील काही तांबड्या पेशी गोल नसून विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरूनच पुढे आजाराला हे नाव पडले. नोएल शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतला, त्याने दातांचा दवाखाना चालविला आणि १९१६ साली ऐन तारुण्यात तो वारला.

१९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवून दिले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये या पेशी आढळल्या. आपल्या भागात १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी शोधनिबंध लिहिला. महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्यभर यावर काम केले ते पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

रक्तात नेमके काय बिघडते ?

हिमोग्लोबिन हा फुप्फुसातून प्राणवायू उचलून सर्व शरीराला पोचविणारा पदार्थ आहे. त्याच्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी कडक होते आणि विळ्याचा आकार घेते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त सतत कमी राहते व डोळे पिवळसर दिसतात. शिवाय या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अरुंद पाटात काटक्या अडकल्या म्हणजे पुढच्या वाफ्याला पाणी मिळत नाही, तसेच हे आहे. ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो तो भाग असह्य दुखतो व कालांतराने निकामी होतो.

वाहक कोण आणि पीडित कोण ?

प्रत्येक माणसाला या हिमोग्लोबिनची दोन जनुके मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दोन्ही दोषी असतील तर तो पीडित, म्हणजे एसएस. एकच दोषी असेल तर तो वाहक, म्हणजे एएस. वाहक हा रोगी नाही. तो शेती करतो, नोकरी करतो, पूर्ण आयुष्य जगतो. त्याला औषध लागत नाही. फक्त अतिश्रमाच्या वेळी त्याने पाणी भरपूर प्यावे.

आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल पीडित होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष होण्याची २५ टक्के असते. येथे एक गैरसमज फार आढळतो. पहिले मूल पीडित झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब चालत नाही. दर खेपेस चिठ्ठी नव्याने उचलली जाते. एकजण वाहक व दुसरा निर्दोष असेल, तर एकही मूल एसएस होत नाही.

आपल्या जिल्ह्याचा संबंध

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, तसेच नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार लोकांच्या परिचयाचा आहे. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, कोरकू या आदिवासी समाजांत तो आढळतो, तसाच पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि कुणबी, तेली आदी समाजांतही आढळतो. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेला आपला जालना जिल्हा मराठवाड्यात असला, तरी त्याची सीमा विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याला भिडलेली आहे. जाफराबाद, भोकरदन, मंठा भागातील आपल्या सोयरिकी देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर आणि पुढे अकोला, नागपूरपर्यंत जुळतात. लेकीसुना येतात-जातात, तशी जनुकेही येतात-जातात. म्हणून हा विदर्भाचा आजार आहे, आपल्याकडे नाही, असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही.

जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढे राबणारा किंवा उन्हात ऊसतोडणीला जाणारा मजूर जर पीडित असेल, तर घामाने शरीरातील पाणी कमी होताच त्याला वेदनेचा झटका येऊ शकतो. कडाक्याची थंडी, ताप, जुलाब व अतिश्रम हीही झटक्याची कारणे आहेत. कामचुकार म्हणून हिणविला जाणारा माणूस खरोखर आजारी असू शकतो, हे मुकादमाने व घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

तिन्ही शाखांना फसविणारी लक्षणे

वैद्यकीय लक्षणे : जन्मल्यावर पहिले काही महिने मूल ठीक दिसते, कारण गर्भातील हिमोग्लोबिन त्याचे रक्षण करते. सहा महिन्यांनंतर दोन्ही हातांचे वा पायांचे पंजे सुजून दुखू लागतात. पुढे वारंवार ताप, फिकटपणा, कावीळ, हाडांच्या कळा सुरू होतात. अचानक प्लीहा म्हणजे पाणथरी वाढून मूल पांढरेफटक पडले, छातीत दुखून धाप लागली, किंवा तोंड वा हात लुळा पडला, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

शल्यचिकित्सेची लक्षणे : झटक्यात पोट असे दुखते की अपेंडिक्सचा संशय येतो. उलट पेशी सतत नष्ट होत असल्यामुळे लहान वयातही पित्ताशयात खडे होतात आणि तेथे शस्त्रक्रिया खरोखरच लागू शकते. तरुण माणूस लंगडू लागला तर मांडीच्या हाडाचा खुब्यातील गोळा रक्ताअभावी झिजत असू शकतो. साध्या क्ष-किरण चित्रात ते सुरुवातीला दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. घोट्याजवळची न भरणारी जखम हीही एक खूण आहे. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला सिकलसेलची माहिती देणे अत्यावश्यक आहे. अशा रुग्णाला पाणी, ऊब व प्राणवायू कमी पडू द्यायचा नसतो आणि अनेकदा आधी रक्त द्यावे लागते.

दंतवैद्यकीय लक्षणे : दात किडलेला नाही, हिरडी सुजलेली नाही, तरी जबडा ठणकतो. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा अडल्याने असे होते. कधी खालचा ओठ व हनुवटी बधिर होते. कीड नसलेल्या दाताची आतली नसही मृत होऊ शकते. अशा वेळी दुखतो म्हणून एकामागून एक चांगले दात काढून टाकले, तर दुखणे राहते आणि दात मात्र जातात. दातांच्या क्ष-किरण चित्रात दोन मुळांमधील हाडाची जाळी शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसली, तर जाणकार दंतवैद्य रक्ततपासणी सुचवितो. पीडित रुग्णाने दातांची निगा इतरांपेक्षा अधिक ठेवावी, कारण दातातील पू हेदेखील झटक्याचे निमित्त ठरते. जागेवर बधिर करून दात काढता येतो. पूर्ण भूल द्यावयाची असेल तर ते काम रुग्णालयातच व्हावे.

तपासणीची पद्धत

प्रथम सोल्युबिलिटी चाचणी करतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ती होते व थोड्या वेळात निकाल मिळतो. पण ही चाचणी वाहक आणि पीडित यांत भेद करीत नाही. सहा महिन्यांखालील बाळात ती फसू शकते. म्हणून दोष आढळल्यास हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी करावीच लागते. नुकतेच बाहेरचे रक्त चढविले असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, नाहीतर निकाल चुकतो.

आणखी एक बारकावा. जोडीदारांपैकी एक सिकलसेलचा वाहक व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरीही मूल आजारी होऊ शकते. सोल्युबिलिटी चाचणीत थॅलेसेमिया दिसत नाही. यास्तव एकजण वाहक निघाल्यास दुसऱ्याची एचपीएलसी तपासणी करावी.

उपचार

हा आजार गोळीने मुळातून जात नाही, परंतु आटोक्यात राहतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने झटके कमी होतात, हे १९९५ साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात सिद्ध झाले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यावयाचे असते. फॉलिक ॲसिडची गोळी, बालपणी पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, न्यूमोकॉकल लस, भरपूर पाणी व तापाची तत्काळ दखल, यांवर रुग्णाचे आयुष्य वाढते. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. लोहाची कमतरता सिद्ध झाली तरच त्या द्याव्यात. योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता मिळाली, मात्र त्याचा खर्च सर्वसामान्यांच्या आवाक्यापलीकडचा आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झालेला आहे. पात्र विद्यार्थ्यांनी प्रमाणपत्र काढून आपला हक्क मागावा, त्यात कमीपणा काही नाही.

पूर्वजन्म नव्हे, कारण शोधा

असे मूल घरात असले की काही लोक पूर्वजन्मीचे पाप म्हणतात आणि बोट बहुधा आईकडेच दाखवितात. दोन्हीही खोटे आहे. मूल पीडित होण्यास आई व वडील दोघांकडून जनुक यावे लागते. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात भगवंतांनी वेदनेची पित्त, कफ, वात, ऋतू अशी अनेक कारणे सांगितली आहेत आणि सर्व काही पूर्वकर्मानेच घडते हे मत चुकीचे ठरविले आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण कळले की उपाय आहे. धम्माची ही शिकवण वैद्यकशास्त्राशी तंतोतंत जुळते.

तसेच हा आजार कोणा जातीचा कलंक नाही. वाहकाच्या रक्ताने लहान मुलाचे जीवघेण्या हिवतापापासून काही अंशी रक्षण होते, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखविले. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, भारत अशा हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. जेथे डास होते तेथे ते वाढले. त्याचा शुद्ध-अशुद्धतेशी सुतराम संबंध नाही.

संस्थेने हाती घ्यावयाचे काम

आपल्या संस्था वधू-वर परिचय मेळावे भरवितात. परिचयपत्रात शिक्षण, उंची, नोकरी लिहितात. त्यासोबत सिकलसेल तपासणी झाली की नाही, एवढा प्रश्न मुला-मुलींना स्वतंत्रपणे विचारावा. निकाल मात्र गुप्त ठेवावा, चारचौघांत वाचू नये. दोन वाहकांनी लग्न करावे की नाही हा निर्णय त्या दोघांचा आहे. पण तो डोळस असावा. लग्न झालेच असेल तर गर्भाच्या १० ते १२ आठवड्यांत मोठ्या केंद्रात वारेच्या भागाची तपासणी शक्य आहे का, हे डॉक्टरांना वेळेवर विचारावे. वाहक आहे म्हणून मुलीची सोयरीक मोडणे आणि मुलाचा दोष लपविणे, हे दोन्ही समतेच्या विचाराला शोभत नाही.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सर्व कुटुंब जमते. त्यातील एक दिवस जिल्हा रुग्णालयाच्या अथवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने तपासणीसाठी ठेवावा. १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिराला ही तपासणी जोडता येईल. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीत चार घरांना जनुकाचा हिशेब समजावून सांगावा. वाचलेले दुसऱ्याला सांगितले की तेच पक्के होते.

आजारी भिक्खूला मळात पडलेला पाहून तथागतांनी आनंदांसह स्वतः त्याला स्नान घातले व मंचकावर निजविले. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. आपल्या वस्तीत सतत दुखते म्हणून शाळा सुटलेले एखादे मूल असेल, तर त्याच्या घरी आजच जावे आणि त्याच्या आई-वडिलांना एवढेच विचारावे की याचे रक्त सिकलसेलसाठी तपासले आहे का ?