दिवाळीचा आहेर : आधी वही, मग दुकान

ताई, दिवाळीचा खर्च म्हटलं की आपण फराळ नि किराणा धरतो. खरं भगदाड पडतं ते देण्याघेण्यात. नणंदेची साडी, लेक-जावयाचा आहेर, भाच्यांचे कपडे. त्यात कापूस अजून शेतात, वेचणीची मजुरी डोक्यावर. मग दुकानात उधारी, नाहीतर गटाचं कर्ज.

समजा गटातून ५,००० रुपये महिना २ टक्के व्याजाने घेतले आणि दर महिन्याला ५०० मुद्दल फेडलं. पहिल्या महिन्याला व्याज १००, मग ९०, मग ८०. दहा हप्त्यांचं मिळून ५५० रुपये. म्हणजे एक चांगली साडी व्याजातच गेली! आणि पुढची दिवाळी दोन महिन्यांवर आली तरी आपण मागचीच फेडतोय. तेच ५०० जानेवारीपासून वेगळ्या डब्यात टाकले तर ऑक्टोबरपर्यंत ५,००० आपलेच.

वहीच्या मागच्या पानावर आधी नावं लिहा, मग रक्कम, मग बेरीज. बेरीज जास्त झाली तर नाव खोडू नका, रक्कम कमी करा. नाव खोडलं की रुसवा वर्षभर पुरतो. नणंदेशी आधीच मोकळं बोला. आहेराच्या कितीतरी साड्या घडी न मोडता दुसऱ्या घरी जातात, हे तिलाही माहीत असतं. ओवाळणीत येणाऱ्या पैशांवर मात्र उधारी करू नका.

गुलमंडीवर जायचं तर ते पान सोबत न्या. त्याआधी मासिक बैठकीत आणा, बेरीज मिळून करू.