कॅमेरा, रडार आणि स्टिअरिंगवरचे हात



शोरूममध्ये ‘ॲडास’ या नावाने जी साहाय्य यंत्रणा दाखवली जाते, ती एकच एक वस्तू नसते. पुढच्या काचेला आतून, आरशामागे चिकटवलेला कॅमेरा. पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे दडलेले रडार. बंपरवर बटणांसारखे दिसणारे ध्वनिलहरींचे सेन्सर. आणि या सगळ्यांची माहिती जुळवून ब्रेकला, स्टिअरिंगला किंवा नुसत्या बझरला हुकूम देणारा संगणक, असा तो संच असतो. कॅमेऱ्याला रस्त्यावरचे पट्टे, माणसे, दुचाक्या, वेगमर्यादेच्या पाट्या ओळखता येतात. पण त्याला पुरेसा उजेड लागतो आणि काच स्वच्छ लागते. रडारला अंधाराची आणि धुक्याची फारशी अडचण नसते. समोरच्या वस्तूचे अंतर आणि वेग ते नेमकेपणाने मोजते, मात्र ती वस्तू काय आहे हे त्याला कॅमेऱ्याइतके कळत नाही. ध्वनिलहरींच्या सेन्सरचा उपयोग अगदी जवळच्या अंतरापुरता, गाडी लावताना. काही गाड्यांत रडार नसतेच, सगळा भार कॅमेऱ्यावर असतो. कोणत्या गाडीत काय आहे हे तिच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका न वाचता नव्या गाडीने लांबचा प्रवास करू नये.

स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये आखून दिल्या. भारतात एमजी ॲस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांबरोबर २०२१ मध्ये जी यंत्रणा मध्यमवर्गीय घरांपर्यंत आली, ती यातल्या दुसऱ्या पायरीची. या पायरीवर गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही काही काळ सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम सबंध वेळ चालकाचेच राहते. जाहिरातीत ही दुसरी गोष्ट बारीक अक्षरात असते. गाडीने ब्रेक लावला नाही, ही सबब अपघातानंतर चालकाला वाचवत नाही.

खरा धोका यंत्रणा चांगली चालते तेव्हाच तयार होऊ लागतो. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांविषयी लिहिताना ही गोष्ट मांडली होती: यंत्र जितके भरवशाचे, तितका त्यावर देखरेख करणाऱ्या माणसाचा सराव कमी होत जातो, आणि नेमक्या अवघड क्षणी त्याच कमी सराव झालेल्या माणसाकडे काम सोपवले जाते. मोटारीच्या बाबतीत याचा पुरावा ७ मे २०१६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळ मिळाला. ऑटोपायलट चालू असलेल्या टेस्ला गाडीपुढून एक लांबलचक ट्रेलर हमरस्ता ओलांडत होता. लख्ख आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्याची पांढरी बाजू यंत्रणेने अडथळा म्हणून धरली नाही आणि चालकानेही ब्रेक लावला नाही. गाडी ट्रेलरखाली घुसली व चालकाचा मृत्यू झाला. यंत्रणेवर ठेवलेला अतिविश्वास हे एक कारण अमेरिकी तपास मंडळाने नोंदवले. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिले की सुमारे ५६ मीटर रस्ता कोणीच न पाहता मागे पडलेला असतो.

पुढच्या वाहनानुसार वेग कमी-जास्त करणारा क्रूझ कंट्रोल सर्वांत जास्त वापरला जातो आणि त्याच्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. चालत्या वाहनामागे तो उत्तम चालतो. रस्त्यात उभे असलेले वाहन मात्र, विशेषतः मोठ्या वेगात, त्याला दिसेलच असे नाही. रडारकडे रस्त्याकडेचे खांब, पाट्या, पूल अशा असंख्य स्थिर वस्तूंवरून परावर्तन येत असते. त्या प्रत्येकीला घाबरून ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंकडे काही प्रमाणात दुर्लक्ष करण्याची रचना केलेली असते. बंद पडलेला, मागे दगड लावून लेनमध्येच उभा केलेला ट्रक हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही महामार्गावरचे नेहमीचे दृश्य आहे, आणि नेमके तेच या यंत्रणेचे सर्वांत कच्चे ठिकाण. ऊस गाळपाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर मोळ्यांखाली झाकलेला असतो. ट्रकच्या मागे कित्येक फूट बाहेर आलेल्या लोखंडी सळया तर आणखी घातक. यंत्रणा अंतर धरते ते ट्रकच्या धडापासून, सळयांच्या टोकापासून नव्हे. अशा वाहनामागे क्रूझ कंट्रोल बंद करून चालकाने स्वतःच अंतर वाढवावे.

घाटातही तो बंद ठेवावा. खंबाटकीत किंवा बोरघाटात वळणावर पुढचे वाहन रडारच्या टप्प्यातून क्षणभर निसटते. रस्ता मोकळा झाला असे समजून गाडी आधी ठरवून दिलेला वेग गाठायला धावते, आणि वळण संपताच तेच वाहन पुन्हा समोर येते. इतरत्र तो चालू ठेवताना पुढच्या वाहनापासूनचे अंतर ठरवण्याच्या तीन-चार पायऱ्या असतात, त्यांतली सर्वांत लांबची निवडावी. त्या मोकळ्या जागेत कोणी ना कोणी घुसतेच, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावे. पुण्याला दोन मिनिटे उशिरा पोचण्याने कोणाचे काही बिघडत नाही.

समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर वेगळाच प्रश्न उभा राहतो. तिथे लेन सरळ, पट्टे स्पष्ट, यंत्रणेला सगळे सोयीचे. पायाला काम नाही, हाताला जवळजवळ नाही, आणि डोळ्यांवर झापड येते. थकव्याची सूचना देणारा कॉफीच्या कपाचा दिवा लागेपर्यंत वाट पाहणे चुकीचे. तो बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या हालचालींवरून अंदाज बांधतो आणि उशिरा बोलतो. दर दोन तासांनी थांबावे, थांबायला योग्य ठिकाण आले की झोप आलेली नसली तरी थांबावे.

लेन सांभाळणारी यंत्रणा पट्ट्यांवर जगते. पट्टे पुसले गेले, पावसात पाण्याखाली गेले, ओल्या डांबरावर समोरच्या दिव्यांचा झगमगाट झाला किंवा वळवलेल्या रस्त्यावर जुने आणि नवे पट्टे दोन्ही दिसू लागले, की ती गप्प बसते किंवा चुकीच्या रेषेच्या मागे जाते. ती बंद झाल्याची सूचना कित्येकदा इतकी हळू असते की गाण्याच्या आवाजात हरवते. इंडिकेटर न देता लेन बदलायची सवय असलेल्या चालकाला मात्र तिची ओळख पहिल्याच दिवशी होते: स्टिअरिंग उलट ओढते. घाबरून जोरात हिसका देण्याची वेळ तिथेच येते. इंडिकेटर दिला की यंत्रणा बाजूला होते, म्हणून ही सवय सगळ्यात आधी लावून घ्यावी. शहरातल्या गर्दीत, जिथे लेन नावालाच असते, तिथे स्टिअरिंगची मदत बंद ठेवणेच बरे. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूचा, दिवा आरशावर लागला नाही म्हणजे बाजू मोकळी आहे, असेही धरू नये. डावीकडून भरधाव येणारी दुचाकी दिव्याच्या आधी दरवाजापाशी पोचलेली असते.

आपोआप लागणारा ब्रेक हा या संचातला सर्वांत मोलाचा भाग आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात त्यामुळे निम्म्यावर आल्याचे दिसले. तरीही आपल्याकडे अनेक जण तो बंद करून टाकतात, कारण गर्दीत अचानक ब्रेक लागतो आणि मागची गाडी येऊन धडकते, असा अनुभव किंवा अशी भीती असते. त्यावर उपाय म्हणून संवेदनशीलता कमी करावी, मागच्या वाहनाकडे आरशात लक्ष ठेवावे, पण यंत्रणा पूर्ण बंद करू नये. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावलेला असावा, कारण तो ब्रेक पूर्वसूचना देऊन लागत नाही. त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या संस्थेने घेतलेल्या चाचण्यांत अंधारात पादचारी ओळखण्याच्या कामी अशा यंत्रणा निष्प्रभ ठरल्या. आपल्या रस्त्यांवर रात्री पायी चालणारी वारकऱ्यांची दिंडी असते, काळे कुत्रे आणि बसलेली गुरे असतात. दिवे जिथवर पोचतात तिथवरच थांबता येईल एवढाच वेग ठेवणे, याला कोणताही कॅमेरा पर्याय नाही.

गाडी मागे घेताना होणारे अपघात हळू वेगात होतात, म्हणून हलके वाटतात; त्यांत अनेकदा घरातलीच लहान मुले सापडतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, आणि आता कॅमेराही बहुतेक गाड्यांत येतो. त्याचे भिंग रुंद कोनाचे असल्याने वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा रस्ता सपाट आहे असे धरून आखलेल्या असतात. मागे चढ असेल तर भिंत रेषेवरून वाटते त्याहून जवळ असते. उभ्या ट्रकचा बाहेर आलेला हौदाही तसाच फसवतो. बारीक खांब, तार, गटाराचा उघडा खड्डा सेन्सरला कळतीलच असे नाही. चारही बाजूंचे दृश्य दाखवणाऱ्या पडद्यावर चार कॅमेऱ्यांची चित्रे जिथे सांधली जातात त्या कोपऱ्यांत एखादे छोटे मूल क्षणभर नाहीसे होऊ शकते. म्हणून गाडीत बसण्याआधी मागून एक फेरी मारावी, मुले कुठे आहेत ते नजरेने पाहावे, आणि मागे घेताना पडदा, दोन्ही आरसे व मान वळवून मागची काच असे आळीपाळीने बघत राहावे. पावसाळ्यात मागच्या भिंगावर चिखल बसतो. एक ओले फडके गाडीत असू द्यावे.

निगेचा मुद्दा शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. पुढची काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात काच बसवली आणि हे जुळवणे राहिले, तर गाडीला लेन आणि अंतर दोन्ही चुकीचे दिसू शकतात. बंपरला धक्का बसल्यावर रडारचेही तसेच. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाईचे आदेश राज्यांना दिले. ते गार्ड रडारच्या वाटेतही येतात. दसऱ्याला जाळीवर बांधलेला झेंडूचा जाड हार आणि पुढे टांगलेली लिंबू-मिरची पूजा झाल्यावर, निघण्यापूर्वी, बाजूला करावी. आरशाला लोंबणारी माळ आणि डॅशबोर्डवर चकाकणारी वस्तूही कॅमेऱ्यासमोर नको.

वेगळा डॅशकॅम बसवायचा तर तो आरशामागे, मूळ कॅमेऱ्याच्या नजरेच्या आणि एअरबॅगच्या मार्गाच्या बाहेर असावा. उन्हात तापणाऱ्या गाडीसाठी बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला डॅशकॅम आणि सतत लेखनाला टिकणारे मेमरी कार्ड घेतलेले बरे. जुने चित्रण नव्याखाली पुसले जात असल्याने अपघात झाल्यावर ती फाइल लगेच सुरक्षित करावी आणि मूळ कार्ड काढून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागते. तारीख-वेळ चुकीची असेल तर त्या पुराव्याला पहिला आक्षेप तिथेच घेतला जातो. जखमी माणसांचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकू नये, ते पोलिसांकडे द्यावे.

नवी गाडी आल्यावर सगळी बटणे एकदम चालू करू नयेत. आधी मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, एकेक सोय वापरून तिचा आवाज, दिवा आणि स्टिअरिंगचा झटका ओळखीचा करून घ्यावा. ती कोणत्या क्षणी स्वतःहून बंद होते हे मुद्दाम पाहावे. गाडी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची असेल, तर त्याला किल्लीबरोबर एवढेही सांगावे की काय चालू आहे, काय बंद आहे आणि ते कोणत्या बटणाने बदलते.