घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी

मिरजोळे गावात एमआयडीसी आहे, म्हणून घरातला कर्ता बहुधा पाळीवर असतो. दुसरा मुंबईला. लकवा झालेली सासू किंवा जन्मापासून बौद्धिक अपंगत्व असलेले मूल यांचे सगळे करणारी घरातली बाईच. तिची मजुरी बुडते ती कुठेच मोजली जात नाही.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तो कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून सोबती त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले. ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. त्याच प्रकरणातला पुढचा नियम मात्र क्वचित सांगितला जातो: आजारी भिक्खू वारला तर त्याचे चीवर व पात्र शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे. सेवा करणाऱ्याचाही काही हक्क असतो, हे तिथे मान्य केले आहे.

आपल्या कायद्यातही तो शब्द आला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरले. रक्कम लहान, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाने आहे. आपल्याकडची मदत मुख्यतः रुग्णाच्या नावाने येते, म्हणून आधी रुग्णाचे कागद करावेत, असे आम्ही सांगतो.

पहिला कागद दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड. लकव्याने गेलेला हात-पाय, पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया हेही २१ प्रकारांत येतात. अपंगत्व म्हणजे फक्त कुबडी नव्हे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात होते. तपासणीचा वार विचारूनच रुग्णाला न्या, नाहीतर रिक्षाचे भाडे दोनदा जाते.

हे कार्ड हातात आले की तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखा. निराधार अनुदान महिना १,५०० रुपये. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये आणि दिव्यांगांसाठी ५०,०००. आमच्या मते ही अट आजच्या काळात थट्टाच आहे. कंत्राटी कामगाराचे घरसुद्धा तिच्यात बसणे अवघड. तरीही उत्पन्नाचा दाखला काढल्याशिवाय 'आम्हाला मिळणार नाही' असे घरबसल्या ठरवू नये. ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. आधार बँक खात्याला जोडलेले असावे आणि हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्यावा. चालू अनुदान बहुधा इथेच अडकते.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, बाह्यरुग्ण उपचार व थेरपीसह. बिले जपून ठेवा. आणखी एक गोष्ट आईवडिलांना उशिरा कळते: असे मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. बँकेत तुमची सही पुरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. १८ पूर्ण होताच तो करा. आपल्या पश्चात कोण, हा प्रश्न तिथेच विचारला जाईल.

एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. कंडक्टरला सोबत्याचे सांगायला लाजू नका.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मिरजोळ्यातही ग्रामसभेत उभे राहून विचारावे की या वर्षी ही रक्कम किती होती आणि कशावर गेली. एअर बेड, कमोड खुर्ची, चाकाची खुर्ची यांची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

पैशाने न सुटणारा भाग झोपेचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. महिनोन्महिने अशा रात्री काढणारी बाई स्वतः कधी आजारी पडते ते घराला कळत नाही. गावशाखेने रविवारच्या वंदनेनंतर अशा घरांची यादी करावी आणि आठवड्यातून एक दुपार, दोन-तीन तास, एकेका घरी कोणीतरी बसावे. मुंबई शाखेतल्या चाकरमान्यांनी पैसे पाठवताना तिच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या तपासणीचेही विचारावे. आशाताईंना सांगितले तर ती तपासणी उपकेंद्रातही होऊ शकते.