थंड समुद्रातील चुना व किनाऱ्याची जमीन

चुनखडी केवळ उष्ण समुद्रातील प्रवाळांपासूनच बनते, असे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियालगतच्या थंड समुद्रात शिंपले, चुनायुक्त शेवाळ व ब्रायोझोआ नावाचे सूक्ष्म जीव यांचे अवशेष तळाशी साचतात. लाटा त्यांचा चुरा किनाऱ्यावर आणतात व वारा त्याच्या टेकड्या रचतो. समुद्र वारंवार चढला-उतरला, जमीन हळूहळू उचलली गेली. म्हणून रोब ते नाराकूर्ट या पट्ट्यात प्राचीन किनारे समांतर रांगांनी उभे आहेत. नाराकूर्टजवळची रांग सुमारे ८ लक्ष वर्षांपूर्वीची आहे.

किनाऱ्यावरील अशा वाळूत चुना विपुल, परंतु तांबे व कोबाल्ट अत्यल्प असते. त्यामुळे चारा असूनही तेथील मेंढ्या खंगत. १९३० नंतरच्या दशकात संशोधकांनी ही उणीव शोधली. दोन्ही द्रव्ये देताच मेंढ्या सुधारल्या. चुना आहे म्हणून जमीन परिपूर्ण आहे, असे समजू नये. मातीची तपासणी अवश्य करावी.